चौथी पायरी

११ फेब्रुवारी

थोरल्या,

‘प्रभूत सलाम’ असं लिहिणार होते, पण तेवढं वाचूनच तू कागद चुरगाळशील. म्हणून नुसतं थोरल्या. फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. पत्रात मला मध्येच कुणी ‘ठेव आता’ म्हणत नाही, एवढा तरी फायदा.

बारकी घरी आली. दवाखान्यातून परवा सोडलं. उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत गेलाय. जखम सुकतेय असं डॉक्टर म्हणतात. तू गेलास तेव्हा ती गुंगीत होती. डोळे उघडल्यावर पहिल्यांदा विचारलं ते हाताचं नाही, तुझं. ‘दादा कुठाय?’ मी म्हटलं, कामावर परत गेला. खोटं नाही बोलले, अर्धं बोलले.

अर्धं राहिलं ते तुला ठाऊकच आहे. तू धन्यांची कॉलर धरलीस. तीही प्रार्थनाघराच्या दारात, उपासना सुटताना, सगळ्यांच्या देखत. लाँड्रीच्या मालकाची कॉलर धरलीस याचं मला एवढं नव्हतं रे. पण ते मंडळीतले, आपल्याच प्रार्थनाघरातले भाऊ. आपण या गावात आलो तेव्हा डोक्यावर छप्पर त्यांनी दिलं, बाबांना मिस्त्रीचं काम दिलं, मला घडीच्या टेबलावर घेतलं, बारकीला चादरी इस्त्री करायच्या रोलरवर. पाळकांनी तुला माफी मागायला सांगितली. तू म्हणालास, ‘आधी तो मागू दे.’ मग मंडळीने तुला बाहेर काढलं, आणि काढलेल्याच्या पंक्तीला बसायचं नाही असं बायबलमध्ये लिहिलंय. म्हणून त्या संध्याकाळी तुझं ताट मागच्या दारात स्टुलावर ठेवलं. वाढलं मी, आणि आत येऊन बसले. तू ताटाला हातही न लावता बॅग उचललीस.

माफी मागायला हे पत्र नाही. लिहिलंय ते पाळायचं, सोयीचं असो नसो. तुम्हा दोघांना मी हेच सांगत वाढवलंय. तू विसरलास, मी काय करू?

तुझा खरा राग पहिल्या पायरीवर आहे. इथे सगळे त्याला पायऱ्याच म्हणतात, लहानपणी तूही म्हणायचास. भाऊ चुकला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जा आणि त्याची चूक त्याला दाखव. नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग. शेजारणींचं छत्रीचं भांडण दुसऱ्या पायरीवर मिटलेलं तू पाहिलं आहेस. तेव्हा हसला होतास.

तर बारकीला दवाखान्यात नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी धन्यांच्या खोलीत गेले. तोंडावर सांगितलं, ‘रोलरच्या तोंडाशी आडवी दांडी असते. हात तिला लागला की मशीन थांबतं. ती दांडी काढलेली होती. पोरगी ओरडत राहिली आणि मशीन चालत राहिलं.’ ते रडले. नाटक नव्हतं, नाकातून पाणी येईस्तोवर रडले. माझे हात धरून प्रार्थना केली. मी हलकी होऊन दवाखान्यात गेले.

दुपारी तपासणीचे साहेब आले तेव्हा दांडी जागेवर होती. वर ताजा पिवळा रंग. साहेबांनी ती दाबून पाहिली, मशीन थांबलं. त्यांनी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

तू म्हणालास, ‘तुझ्या वचनाने त्याला अख्खी सकाळ आंदण दिली, आई.’  यावर मी एवढंच म्हणते, की पहिल्या पायरीवरून एक जण निसटला म्हणून देवाने जिना काढून घेतलेला नाही. मी दुसरी चढणार आहे.

दांडी कुणी परत लावली ते मला विचारू नकोस.

आई


२ मार्च

थोरल्या,

उत्तर नाही आलं. ठीक. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, तुला कधी फुटतो बघू.

बारकी डाव्या हाताने जेवायला शिकतेय. घास तोंडापेक्षा कानाकडे जास्त जातो. वेणी मी घालते. कपड्यांची बटणं तिला एकटीला लावायची असतात, मग दार लावून घेते, आणि आतून कितीतरी वेळ आवाज येत नाही. मी बाहेर झाडू मारत राहते. तो कोपरा एवढा स्वच्छ कधीच नव्हता.

तोंड मात्र शाबूत आहे तिचं. पाळकबाई भेटायला आल्या होत्या. फळं आणली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘बाळ, दोन्ही हात घेऊन नरकात जाण्यापेक्षा एका हाताने जीवनात जावं, असं वचनच आहे.’ बारकी म्हणाली, ‘पाळकबाई, हात पाप करत असेल तर तोडा असं वचन आहे. माझा चादरी घालत होता.’ पाळकबाईंचा चहा तसाच राहिला. मी वरवर दटावलं. आत जाऊन तोंडाला पदर लावून हसले आणि मग रडले, दोन्ही एकदम.

धन्यांकडून दर आठवड्याला पिशवी येते. दूध, अंडी, औषधं. मी परत पाठवायला निघाले तर बाबा म्हणाले, ‘असू दे.’ सध्या ते बोलतात त्यातलं हे लांबलचक वाक्य.

दुसऱ्या पायरीला माणसं लागतात. शिवणवालीला विचारलं. ती फाटक्या चादरी शिवते, तिचं मशीन रोलरच्या बरोबर समोर. ती म्हणाली, ‘मी येते, पण बोलणार तू. मला दोन लेकरं आहेत.’ मला एवढं पुरे होतं. मग बाबांना विचारलं. लाँड्रीत कुठला खिळा कुठे आहे ते मिस्त्रीलाच ठाऊक, मग दुसरा साक्षीदार कशाला शोधायचा? पहिल्यांदा म्हणाले घसा बसलाय. मग म्हणाले बॉयलरचं काम निघालंय. मग उठून बाहेरच गेले.

जेवण अर्धं टाकतात. प्रार्थनेच्या शेवटी आमेन म्हणत नाहीत, ओठ नुसते हलवतात. आणि तेलाची कुपी घेऊन घरभर फिरतात. बिजागऱ्या, कड्या, पाण्याचा नळ, कपाटाची कुलपं. आता घरातलं एकही दार करकरत नाही. कोण कधी आत आलं ते कळत नाही, दचकायला होतं.

माझ्या मनात काही आहे. ते मी लिहिणार नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

आई


२० मार्च

थोरल्या,

तुझं पत्र आलं. खुशाली एका ओळीत आणि वकील पानभर. तरी हायसं वाटलं. अक्षर अजून तसंच आहे, डोंगर चढल्यासारखं.

तू लिहितोस, वकील तयार आहे, दांडी काढलेली होती असा एका माणसाचा जबाब हवा. ‘आई, फक्त एक खरं वाक्य बोल.’ अरे, ते मी रोज भांडी घासताना बोलते. पण भावाने भावाला कोर्टात खेचायचं नाही, परक्यांपुढे आपली भांडणं न्यायची नाहीत, त्यापेक्षा अन्याय सोसावा, हेही लिहिलंय. तुला वाटेल आई भित्री आहे. मी भित्री असते तर तुझ्या आजीच्या मर्जीविरुद्ध तुझ्या बापाशी लग्न केलं नसतं.

आता ऐक. दुसरी पायरी झाली. बाबा आले.

कसे आले ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. परवा सकाळी मी नळावर बादली लावली होती. ते मागे येऊन उभे राहिले. दारं करकरत नाहीत, त्यामुळे कळलंच नाही. म्हणाले, ‘दांडी मी काढली होती.’ पाणी बादलीवरून वाहत राहिलं. मी नळ बंद केला नाही. दवाखान्याच्या चादरींना नाड्या असतात. त्या नाड्या दांडीला अडकायच्या आणि मशीन सारखं थांबायचं. ऑर्डर तुंबली. धनी म्हणाले, ‘मिस्त्री, एवढी ऑर्डर निघेपर्यंत काढून ठेवा.’ बाबांनी काढली. त्यांना वाटलं रोलरवर आपलीच पोरगी आहे, सावध आहे, तिला सांगून ठेवू. सांगायचं राहिलं. आणि दुसऱ्या दिवशी मी पहिली पायरी चढून दवाखान्यात गेल्यावर धन्यांनी त्यांनाच बोलावून दांडी लावून घेतली, वर रंगही द्यायला लावला. बाहीवर पिवळा डाग होता. तो मी स्वतः धुतला होता, घासलेट लावून. रंग कुठला, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

मी त्यांना काय बोलले ते तुला सांगणार नाही. शेजाऱ्यांनी ऐकलंय, तेवढं पुरे.

तरी ते आले. मी, शिवणवाली आणि बाबा. धन्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. मी सगळं पुन्हा सांगितलं. धनी शांतपणे ऐकत होते. मग माझ्याकडे न बघता बाबांना विचारलं, ‘मिस्त्री, दांडी कुणी काढली?’

बाबा म्हणाले, ‘मी.’

‘परत कुणी लावली?’

‘मी.’

मी वाट पाहत होते, की आता म्हणतील, तुमच्या सांगण्यावरून. शिवणवालीने माझं मनगट धरलं होतं. बाबा टेबलावरच्या कागदांवर ठेवायच्या काचेच्या गोळ्याकडे बघत राहिले. पुढचं वाक्य आलंच नाही. धन्यांचं इतकी वर्षं खाल्लेलं मीठ असतं ना, ते असं घशात अडकतं.

धनी उठले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ‘मी त्यांना क्षमा केली आहे, बहिणी. तुम्हीही करा.’

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, चोराची क्षमा पहिल्यांदा पाहिली. घरी येईपर्यंत बाबा माझ्या चार पावलं मागे चालत होते.

तुझ्या वकिलाला सांग, साक्षीदार आहे. पण तो आरोपीही आहे. आणि तो तुझा बाप आहे.

आई


९ एप्रिल

थोरल्या,

तुझं पत्र मिळालं. ‘मग बाबांचं नाव गाळून जबाब दे, वकील म्हणतो तसं जमतं. दांडी काढलेली होती एवढंच सांग, कुणी काढली ते सांगू नकोस.’ त्या ओळीखाली दोनदा रेघ मारलीस. वाचलं. त्यावर नंतर.

रोलरवर नवीन पोरगी आली. सगळे तिला नवी म्हणतात. बारकीपेक्षा लहान दिसते, हसताना तोंडावर हात ठेवते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, ‘मावशी, इथे वाफ फार आहे, पण बाहेरच्या उन्हापेक्षा बरं.’ मी घड्या घालत होते. घडीचं टेबल आणि रोलर यांच्यामध्ये कपड्यांच्या गाड्या असतात, त्यामुळे एरवी मला काही दिसत नाही. मंगळवारी एक गाडी बाजूला सरकवली आणि दिसलं.

दांडी नव्हती.

दवाखान्याच्या चादरी पुन्हा आल्या होत्या, नाड्यांच्या. पिवळी दांडी भिंतीला टेकवून ठेवली होती, झाडूशेजारी. नवी चादरीचं टोक ओठात धरून दोन्ही हातांनी दुसरं टोक सरळ करत होती, बोटं रोलरला लागलीच होती जवळजवळ. मी तिला ओढलं. ती घाबरली, म्हणाली, ‘काय झालं?’ मला सांगता येईना. मी बाबांकडे पाहिलं. ते बॉयलरच्या दारात उभे होते, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर म्हणाले, ‘धन्यांनी सांगितलं.’ मी म्हटलं, ‘आणि तुम्ही पुन्हा काढलीत? आपलं पोर रोलरने खाल्लं, आता दुसऱ्याचं वाढताय?’ बारकी आतल्या खोलीत होती. तिने सगळं ऐकलं. बाहेर आली, बाबांच्या समोर बसली आणि तो हात, म्हणजे जिथे तो होता ते, टेबलावर ठेवला.  बाबांनी खाली मान घालून तेवढ्याकडेच बघितलं. मग म्हणाले, ‘रविवारी मी येईन.’

रविवारी तिसरी पायरी. आमच्यात बायका उपासनेत बोलत नाहीत, गाणं आणि साक्ष एवढंच. प्रभूने तुमच्यासाठी काय केलं ते सांगायचं, याला साक्ष म्हणतात. मी उभी राहिले. म्हटलं, ‘प्रभूने माझं पोर जिवंत ठेवलं, त्याची स्तुती असो. आणि भावाने रोलरची दांडी काढायला लावली. मी त्याला एकटीने सांगितलं, दोघांना घेऊन सांगितलं, आता मंडळीला सांगते. दांडी आजही काढलेली आहे. उद्या सकाळी तिथे दुसरी पोरगी उभी राहणार आहे.’

एवढं झालं आणि पाळकांनी गाणं सुरू केलं. मी बोलत होते आणि ते गात होते. मग सगळे उभे राहिले, गाऊ लागले. धनी पहिल्या रांगेत. त्यांचा आवाज जाड आहे, तुला आठवतो, भिंतीला हात लावला तर जाणवतो. त्या दिवशी तो सगळ्यांच्या वर होता.

तेव्हा बाबा उठले. मला वाटलं, आता मला दंडाला धरून बाहेर नेणार. ते तिथेच उभे राहिले आणि गाण्याच्या मध्येच बोलू लागले. ‘दांडी मी काढली. धन्यांनी सांगितलं म्हणून काढली. मंगळवारी पुन्हा काढली.’ ओरडत नव्हते, नेहमीच्या आवाजात बोलत होते. गाणं सरकत होतं आणि ते तेच पुन्हा म्हणत होते. मी ऐकलं, बारकीने ऐकलं. बाकी कुणी ऐकलं असेल तर त्याने आणखी जोरात गायलं.

गाणं संपलं. पाळक म्हणाले, ‘प्रार्थना करू या.’

सोमवारी मी कामावर गेले नाही. जाऊन काय करणार होते? त्या पोरीसमोर घड्या घालत उभी राहणार होते?

आई


१४ एप्रिल

थोरल्या,

थोडक्यात लिहिते. टपाल लवकर निघायला हवं.

मी पाळकांकडे गेले. म्हटलं, ‘तीन पायऱ्या झाल्या. पुढचं काय लिहिलंय ते वाचून दाखवा.’ ते वाचेनात. मला पाठ आहे, पण त्यांच्या तोंडून हवं होतं. मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुझ्या लेखी बाहेरचा होवो, जकातदारासारखा, ज्याला त्या काळी कुणी पंक्तीला घेत नसे. ही चौथी पायरी. आपल्याकडे तीनच मोजतात. छत्रीचं भांडण असेल तर तीन पुरतात.

पाळक म्हणाले, ‘मंडळीने त्यांना काही सांगितलेलंच नाही, मग त्यांनी ऐकलं नाही असं कसं म्हणता येईल?’ हुशार माणूस. मी घरी आले. 

बारकीला सांगितलं. ती म्हणाली, ‘आई, त्याच पानावर खाली काय आहे? दोघंतिघं माझ्या नावाने जमले की मी त्यांच्यामध्ये आहे. मग आपण किती जण आहोत?’

आम्ही तिघं टेबलाशी बसलो. प्रार्थना केली. बाबांनी आमेन म्हटलं, ऐकू येईल असं. मग सकाळी ते धन्यांकडे गेले आणि मंडळीचा निरोप म्हणून सांगितलं, ‘दांडी लावा, आणि साहेबांना खरं काय ते सांगा.’ धनी म्हणाले, ‘कुठली मंडळी?’ बाबा म्हणाले, ‘आम्ही तिघं.’ धनी हसले. म्हणाले, ‘उद्यापासून येऊ नका.’

तेव्हा धनी बाहेरचे झाले. बाहेरच्याला कोर्टात न्यायला वचनाची आडकाठी नाही.

आता तुझी ती दोन रेघांची ओळ. बाबांचं नाव गाळायचं नाही. मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, ‘हो तर हो असावं. अर्धं हो मी एकदा धन्यांसमोर बोलून बसलोय.’ तुला हे आवडणार नाही. पुन्हा फोन बंद करशील. कर. पण वकिलाला पाठव, कारण आम्हाला पोलीस ठाण्यात कुठल्या खिडकीशी उभं राहायचं तेही ठाऊक नाही.

आई


२३ एप्रिल

थोरल्या,

वकील आले. बरे आहेत, तुझ्यासारखेच घाईत बोलतात. तू आला नाहीस.

त्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली, रविवारचा शर्ट घातला. जाताना बारकीने तिच्या डाव्या हाताने त्यांचं वरचं बटण लावलं. बराच वेळ लागला. ते मान वर करून उभे राहिले, हलले नाहीत.

ठाण्यात लिहून घेणारा माणूस थकलेला होता, पेनाचं टोपण चावत होता. मी सगळं सांगितलं, पहिल्या सकाळपासून. त्याने विचारलं, ‘तेव्हाच का नाही आलात?’ मी म्हटलं, ‘आधी एकट्याने जायचं असतं.’ त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ते लिहिलं नाही.

मग म्हणाला, ‘आरोपी पहिला. लाँड्रीचा मालक. तुमचं नातं?’ आयुष्यभर त्या प्रश्नाला माझ्या तोंडी एकच उत्तर होतं, प्रभूतला भाऊ. मी म्हटलं, ‘काही नाही. बाहेरचे.’

‘आरोपी दुसरा. मिस्त्री. नातं?’

बाबा शेजारीच बसले होते. मी त्यांच्या वरच्या बटणाकडे बघत राहिले.  शेवटी तेच म्हणाले, ‘लिहा. नवरा.’

दोघांनाही आत घेतलं. लाँड्रीला सील लावलं. नवी वाचली, दहाही बोटांनिशी. पण दुसऱ्या दिवशी ती आपल्या दारात आली आणि मला नको नको ते बोलली, कारण तिची रोजीरोटी गेली, शिवणवालीची गेली, सगळ्यांचीच गेली. शिवणवाली रस्त्यात दिसते, पलीकडून जाते. नवीला मी पाणी विचारलं. ती म्हणाली, ‘तुमच्या घरचं नको.’ मी उंबऱ्यातच उभी राहिले. तिची बोटं मला शिव्या देताना हवेत हलत होती, मी त्यांच्याकडेच बघत होते. तेवढंच काय ते मला मिळालं, आणि ते पुरेसं आहे असं मी तुला खोटं सांगणार नाही.

मंडळीने तर आम्ही ठाण्यात होतो तेव्हाच आम्हाला तिघांनाही बाहेर काढलं. चिठ्ठी दाराखालून सरकवली होती, हातात द्यायलाही कुणी थांबलं नाही.

आता तुला एक सांगायचंय. बाबांना आत घेतलं त्या दुपारी मी डबा भरत होते. बारकी शेजारी उभी. म्हणाली, ‘आई, प्रभू स्वतः जकातदारांशी कसा वागायचा गं?’

मी भाजी ढवळत होते. तशीच थांबले. कसा वागायचा म्हणजे काय, त्यांच्या घरी जाऊन जेवायचा. लोक नावं ठेवायचे, तरी बसायचा त्यांच्या पंक्तीला. इतकी वर्षं हे वाचतेय मी. बाहेरच्याबरोबर जेवू नका असंही लिहिलंय, ते खोटं नाही. पण ज्याच्या नावाने आपण हे सगळं पाळतो, तो स्वतः कुठे बसला होता ते आधी बघायचं होतं. आणि मी तुझं ताट स्टुलावर ठेवून आत येऊन बसले. माझं पोर, आणि मी दाराकडे पाठ करून जेवले. त्या दिवशी तो बाहेर तुझ्याजवळ होता, माझ्याजवळ नव्हता. हे आता कळून काय उपयोग, वरातीमागून घोडं.

डबा मी दोघांचा भरला. प्रेमाबिमाने नाही. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाल असं लिहिलंय म्हणून, दातओठ खात भरला. ठाण्यात दोघं एकाच खोलीत होते, दोन टोकांना. बाबांनी झाकण उघडून अर्धं धन्यांपुढे सरकवलं. धन्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ते मंडळीत आहेत ना अजून, बाहेर काढलेल्याच्या ताटातलं कसं खाणार! संध्याकाळी मंडळीतले चार जण आले आणि त्यांना जामिनावर घेऊन गेले. बाबांसाठी कुणी आलं नाही. वकील म्हणतात, वेळ लागेल, दांडी त्यांच्याच हाताने निघाली आणि ते त्यांनी स्वतःच कबूल केलंय.

मी रोज डबा नेते. परवा म्हणाले, इथल्या दाराची बिजागरी फार करकरते. तेल मागितलं तर शिपाई हसला.

तू रागावला आहेस. ‘मी नको म्हटलेलं केलंस, बापाला आत घातलंस,’ असं म्हणशील. म्हण. पण ते इथे माझ्या समोर बसून म्हण. तू बाहेरचा, मी बाहेरची, बारकी बाहेरची, आता पंक्ती मोडायची कुणाची भीती उरली नाही.

स्टूल मी शेजारच्यांना देऊन टाकलं. टेबलाशी तुझं ताट रोज मांडलेलं असतं. ते बारकी मांडते, मला हात लावू देत नाही. पाण्याचा पेलाही भरून ठेवते, डाव्या हाताने. थोडं सांडतं. जेवण झाल्यावर ते तसंच उचलते.

ये.

आई